काठ आणि बोट यांच्यामधले हातभर अंतर

एसटीच्या नोकरीत माझी 31 वर्षे गेली आणि त्यांतली शेवटची 11 वर्षे मी वाहतूक नियंत्रक होतो. या काळात प्रवाशांना दुखापत झाल्याचे जे अहवाल माझ्या हाताखालून गेले, त्यांतले पुष्कळसे पायरीवरचे होते. कोणी गाडी पुरती थांबण्याआधी उतरले होते, कोणाचा पदर दारात अडकला होता, तर कोणा म्हाताऱ्या माणसाचा पाय उंच पायरीला पुरला नव्हता. गाडी रस्त्यावर धावत असताना प्रवासी बहुधा सुखरूप असतो, त्याला खरी जपणूक लागते ती चढताना आणि उतरताना, हे मी नव्या वाहकांना कित्येकदा बजावले आहे. असे असूनही मार्च 2024 मध्ये मोतीबिंदूचे रुग्ण नर्मदेच्या बुडितातून, म्हणजे सरदार सरोवर धरणाच्या फुगलेल्या पाण्यातून, बोटीने आणताना हीच गोष्ट माझ्या नजरेतून निसटली आणि त्याची किंमत एका वृद्ध गृहस्थाला मोजावी लागली. त्या खेपेत काय झाले आणि नंतर आम्ही काय बदलले, ते येथे लिहीत आहे.

शहाद्यातील आम्ही काही निवृत्त मंडळी नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातील नर्मदाकाठच्या पाड्यांवर नेत्रतपासणीला मदत करतो. त्या वर्षी जानेवारीत झालेल्या तपासणीत दोन पाड्यांवर मिळून 22 जणांना शस्त्रक्रियेजोगा मोतीबिंदू निघाला. त्यांत 14 स्त्रिया आणि 8 पुरुष होते आणि बहुतेकांनी साठी केव्हाच ओलांडलेली होती. सरकारचा तरंगता दवाखाना काठाकाठाने फिरतो आणि त्याचा लोकांना मोठा आधार आहे, परंतु डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला रुग्णालयातच आणावे लागते. पाड्यांवरून गाडीरस्त्यापर्यंत यायचे तर सातपुड्याच्या दोन-तीन डोंगरधारा पायी ओलांडाव्या लागतात, आणि ज्याला समोरचा दगड दिसत नाही त्याच्याकडून तशी अपेक्षा करता येत नाही. म्हणून पाड्याच्या काठापासून भुषा या नदीकाठच्या गावापर्यंत बोटीने, तेथून धडगावमार्गे घाट उतरून शहाद्यापर्यंत क्रूझर गाड्यांनी, आणि चार दिवसांनी त्याच मार्गाने परत, असा बेत ठरला. होळीच्या पुष्कळ आधी सगळ्यांना घरी पोचवायचे, ही पाड्यांवरच्या लोकांची एकमेव अट होती. सातपुड्यात होळी म्हणजे वर्षाचा सण आहे, आणि शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला धूर व धूळ चालत नसल्यामुळे डॉक्टरांनाही मध्ये अंतर हवे होते.

बोटीचे नाव काढताच नातेवाईकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली आणि ती अकारण नव्हती. 15 जानेवारी 2019 रोजी, संक्रांतीच्या सणात, याच भुषा परिसरात साठाच्या आसपास माणसे भरलेली बोट उलटून लहान मुलांसह अनेकांचा जीव गेला, ते त्या काठावर कोणीही विसरलेले नाही. त्यातच 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळेची बोट बुडाली आणि 12 मुले व 2 शिक्षिका दगावल्या. ती बातमी सर्वत्र ताजी होती. दोन्ही ठिकाणी बोटीत पेलवतील त्याहून जास्त माणसे होती. त्यामुळे माणसे कमी घ्यायची आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असलेच पाहिजे, या दोन गोष्टी आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवल्या. माझे सगळे लक्ष बोट पाण्यात असतानाच्या धोक्याकडे लागले ते तेव्हापासूनच, असे आता वाटते.

पहिल्या बोटमालकाने भाडे कमी सांगितले, पण नोंदणीचे कागद मागितल्यावर तो विषय टाळू लागला. इंजिनावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा असला पाहिजे, असे अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 सांगतो. 1917 चा जुना कायदा जाऊन हा आला. कागद असले म्हणजे बोट बुडत नाही असे मुळीच नाही, परंतु ज्याने बोटीची तपासणी करून घेतली आहे त्याने निदान तिच्या तळाकडे एकदा पाहिलेले असते. दुसरी बोट लोखंडी, डिझेल इंजिनाची आणि रुंद बुडाची होती. मालक म्हणाला की तिच्यात चाळीस माणसे आरामात बसतात. आम्ही एका खेपेला 18 प्रवासी, नावाडी आणि त्याचा मदतनीस एवढीच माणसे ठरवली, आणि दोन पाड्यांसाठी दोन खेपांचे भाडे कबूल केले. आमच्या प्रवाशांशिवाय बोटीत कोणीही बसणार नाही, ही अटही मी लिहून घेतली. तालुक्याच्या कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला प्रवासाची तारीख, वेळ आणि माणसांची संख्या कळवणारे पत्र दिले.

लाइफ जॅकेट भाड्याने 30 आणली. गच्चीवर पसरून एकेक बक्कल लावून पाहिले तेव्हा 6 जॅकेटांची बक्कले तुटलेली किंवा पट्टे कुजलेले निघाले. ती बाजूला काढली आणि 24 बरोबर घेतली. हे काम काठावर गर्दीत कधीच झाले नसते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो. नदीच्या दरीत दुपारनंतर वारा उठतो आणि रुंद पाण्यावर लाटा धरतात, म्हणून दोन्ही खेपा सकाळी अकराच्या आत उरकायच्या होत्या. पहिल्या पाड्याच्या उतरणीवर लोक आमच्या आधीच जमले होते. ज्यांना चालवत नव्हते अशा दोघी आजींना बांबूच्या झोळीत घालून आणले होते. तेथे धक्का नाही, बांधलेला घाट नाही. धरण भरल्यावर बुडालेल्या शेतांचा उतार आणि त्यावर साचलेला गाळ एवढाच तो काठ. पाण्यात थोडा पुढे आलेला एक मोठा सपाट काळा दगड होता आणि पाड्यावरची माणसे त्यावरूनच बोटीत चढत. तरुण पोरी दगडावरून बोटीत सहज उडी घेताना मी पाहिल्या आणि तो दगड मला पुरेसा वाटला.

बोट दगडाला आडवी लागली. नावाड्याने तोंडाकडचा दोर एका मुलाच्या हाती दिला, मागची बाजू मोकळी राहिली आणि इंजिन चालूच होते, कारण एकदा बंद केले की पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो, असे तो म्हणाला. पहिल्या चार-पाच जणांना आम्ही हात धरून आत घेतले. ते सगळे दगडाच्या बाजूलाच बसले, त्यामुळे बोट त्या अंगाला थोडी कलली आणि इंजिनाच्या थरथरीने मागची बाजू हळूहळू पाण्यात सरकू लागली. पुढचे एक बाबा होते, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू असलेले. त्यांनी उजवा पाय बोटीच्या काठावर ठेवला. तो ठेवताना त्यांनी पाऊल हवेत थोडे पुढे-मागे फिरवून काठ चाचपला होता, ते मला अजून दिसते. पाय टेकला, अंगाचा भार पुढे गेला आणि त्याच क्षणी काठ आणि दगड यांच्यामधले वीतभर अंतर हातभर झाले. एक पाय बोटीवर, एक दगडावर अशा अवस्थेत ते खाली घसरले आणि कमरेपर्यंत पाण्यात गेले.

पाणी खोल नव्हते. भीती वेगळीच होती, कारण दूर गेलेली लोखंडी बोट तोंडाकडच्या दोराच्या हिसक्याने परत दगडाकडे येत होती आणि बाबा त्या दोहोंच्या मध्ये होते. काठावरच्या दोन तरुणांनी पाण्यात उडी घेऊन पाठीने बोट अडवली आणि नावाड्याच्या मदतनिसाने जॅकेटचा खांदा धरून त्यांना वर ओढले. हे सगळे काही क्षणांतच घडले. त्यांची नडगी दगडाला घासून सोलली गेली होती. बाबा काहीच बोलले नाहीत. बोटीत बसल्यावर त्यांनी प्रथम आपली पिशवी कुठे आहे ते विचारले.

त्यानंतर मी इंजिन बंद करायला लावले, मागच्या बाजूलाही दोर बांधून घेतला आणि उरलेल्या सर्वांना एकेक करून, दोघांनी बगलेत धरून चढवले. दुसऱ्या पाड्यावरही तसेच केले. सर्वजण संध्याकाळी शहाद्याला पोचले. तपासणीत डॉक्टरांनी बाबांच्या नडगीची जखम पाहिली आणि ती भरेपर्यंत डोळ्याची शस्त्रक्रिया करता येणार नाही, जंतुसंसर्गाचा धोका पत्करता येणार नाही, असे सांगितले. बाकीच्या 21 जणांच्या शस्त्रक्रिया झाल्या. बाबा चार दिवस त्यांच्यासोबत राहिले आणि त्यांना तसेच परत जायचे होते. मी त्यांची क्षमा मागितली. आमच्या मदतीला असलेल्या आशाताईंनी ती त्यांच्या बोलीत त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला. दोष त्या नावाड्याचा आहे असे काही जण म्हणाले, पण ते मला पटले नाही. नावाडी रोज ज्या माणसांना नेतो ती माणसे पाहू शकणारी असतात. आमची माणसे पाहू शकत नाहीत, हे मला माहीत होते.

परतीची खेप याहून अवघड असणार होती. आता बहुतेकांचा एक डोळा स्वच्छ आणि दुसरा धूसर होता, वर काळा चष्मा. अशा माणसाला समोरची वस्तू दिसते, पण ती किती जवळ वा किती खोल आहे याचा अंदाज येत नाही, हे वॉर्डात पाणी पिताना भांड्याच्या पलीकडे जाणाऱ्या त्यांच्या हातांवरूनच कळत होते. डॉक्टरांच्या सूचनाही होत्या: खाली वाकायचे नाही, जोर लावायचा नाही, डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, डोळा चोळायचा नाही. ज्याला वाकता येत नाही, जोर लावता येत नाही आणि खोली कळत नाही, त्याला बोटीच्या काठावरून पाय टाकायला सांगणेच चुकीचे होते. त्याने चालत बोटीत गेले पाहिजे, हे त्या चार दिवसांत माझ्या मनात पक्के झाले.

मी सुताराकडे गेलो. मला 12 फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी हवी होती. तो म्हणाला, "आबा, बारा फुटनी फळी मधमा वाकी जाई," आणि ते खरे होते. म्हणून त्याने दोन इंची सागाच्या फळीला खालून दोन उभे वासे ठोकले, आणि वरच्या बाजूला फूट-फूट अंतरावर आडव्या पट्ट्या मारल्या, म्हणजे पायाला पायरीसारखा आधार मिळेल. पट्ट्यांची उंची त्याने बोटभरच ठेवली. जास्त उंच केली तर ठेच लागेल, हे त्याने स्वतःहून सांगितले. सगळ्या फळीलाच मी पांढरा रंग लावायला सांगितला होता, पण रुग्णालयातल्या एका परिचारिकेने कडेला पांढरा आणि मधे गडद ठेवा असे सुचवले, कारण मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला उन्हात सगळेच पांढरे भगभगीत दिसते. तसेच केले: कडेला दोन इंचांची पांढरी रेघ, मधे गेरू. फळीच्या बोटीकडच्या टोकाला दोन भोके पाडून दोर ओवला, म्हणजे बोट हलली तरी टोक काठावरून सुटणार नाही.

परतीच्या आदल्या दिवशी मी आणि एक मित्र भुषाला जाऊन बोट कशी लावायची ते नावाड्याबरोबर करून पाहिले. आडवी न लावता बोटीचे तोंड सरळ काठाकडे आणायचे, मागून पाण्यात नांगर टाकायचा, आणि तोंडाकडून दोन दोर उजव्या-डाव्या बाजूंना जमिनीत ठोकलेल्या पहारींना ताणून बांधायचे. असे केले की बोट पुढेही येत नाही, मागेही जात नाही आणि कुशीलाही फिरत नाही. नावाड्याला हे नवीन नव्हते. ओझी उतरवताना तो असेच करतो, माणसांसाठी कोणी सांगितले नव्हते, एवढेच. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला कधीच सुचली नसती: पाणी उतरत आहे, त्यामुळे चार दिवसांपूर्वीचा काठ आता तिथे नसेल.

आणि तसेच झाले. सरदार सरोवर पूर्ण भरते तेव्हा पाणी 138.68 मीटरच्या पातळीला असते. पावसाळ्यानंतर कालव्याला आणि वीजनिर्मितीला पाणी जात राहते तशी पातळी उतरते, आणि त्याचा ताल पाड्यावरच्या कोणाच्याही हाती नसतो. पहिल्या पाड्यावर पोचलो तेव्हा तो काळा सपाट दगड गाळात उभा होता आणि पाणी त्याच्यापुढे आठ-दहा पावलांवर गेले होते. मधला गाळ वरून सुकून भेगाळलेला दिसत होता, पण काठी रोवली तर गुडघाभर आत गेली. अशा गाळात म्हाताऱ्या माणसाचा पाय रुतला की तो काढण्यासाठी जोर लावावाच लागतो, आणि तोच तर लावायचा नव्हता.

बोट काठापासून थोडी दूर नांगरून आम्ही थांबलो. पाड्यावरची माणसे पाहताच समजली. तरुणांनी वरून दगड आणि तुराटीच्या पेंढ्या आणल्या, गाळावर आधी पेंढ्या आडव्या घातल्या, त्यावर दगड बसवले आणि दगडांवर आम्ही आणलेली गोणपाटे अंथरली. फळीचे जमिनीकडचे टोक या दगडांवर टेकवले. या सगळ्यात पाऊण तास गेला. रुग्ण तेवढा वेळ बोटीत सावलीला, कापडाच्या छताखाली बसून होते, आणि त्यांना घाई करू नका असे सांगण्याची गरज पडली नाही. घाई आम्हालाच होती, कारण वारा सुटण्याची वेळ जवळ येत होती.

उतरवण्याचा क्रम असा ठेवला. इंजिन बंद. फळीच्या दोन्ही बाजूंना, मांडीभर पाण्यात आणि गाळात, दोन-दोन तरुण उभे. त्यांच्या हातात छातीच्या उंचीवर ताणून धरलेला दोर, कठड्यासारखा. फळीवर एका वेळी एकच रुग्ण. त्याच्या पुढे एक माणूस उलट्या पावलांनी, त्याचे दोन्ही हात धरून. चपला आधीच काढून नावाच्या चिठ्ठीसह पिशवीत, कारण ओल्या फळीवर चप्पल घसरते आणि अनवाणी पायाला पट्ट्या कळतात. लाइफ जॅकेट जमिनीवर पाय टेकेपर्यंत काढायचे नाही. बोटीतल्या बाकीच्यांनी आपापल्या जागी बसून राहायचे आणि नाव पुकारल्यावरच उठायचे. मधल्या रांगेपासून सुरुवात करून आलटून पालटून दोन्ही बाजूंची माणसे उठवली, म्हणजे बोट एका अंगाला कलली नाही.

यादी दोन प्रतींत होती, एसटी वाहकाच्या वेबिलासारखी, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदासारखी. एक बोटीत माझ्याकडे, एक काठावर आशाताईंकडे. भुषाला चढताना, बोटीत बसल्यावर आणि उतरल्यावर, अशी तीनदा मोजणी केली आणि दोन्ही यादींवर एकमेकांच्या सह्या घेतल्या. पहिल्या खेपेत 11 रुग्ण, 5 नातेवाईक आणि आमचा एक कार्यकर्ता. दुसरीत 11 रुग्ण, 6 नातेवाईक आणि एक कार्यकर्ता.

एका आजींनी फळीवर पहिले पाऊल ठेवताना तसाच पाय हवेत फिरवला, जसा त्या दिवशी बाबांनी फिरवला होता. या वेळी पायाला आधी पट्टी लागली. त्या थांबल्या, अंगठ्याने पट्टी चाचपली, मग पुढची चाचपली, आणि तिसऱ्या पट्टीनंतर त्यांनी मान वर करून पाड्याकडे पाहिले. आमचा माणूस घाबरून "आजी, खाली बघा" म्हणाला. आशाताईंनी त्याला थांबवले. वाकून पाहायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि पायाला वाट कळली आहे, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते.

भुषाहून दुसऱ्या खेपेला निघताना मनाला लागणारा प्रसंग घडला. एक बाई कडेवर मूल आणि धान्याची गोणी घेऊन आली आणि बोटीत बसू द्या म्हणाली. तिचा पाडा वाटेवरच होता. आम्ही 18 जणांवर एकही नाही असे ठरवले होते आणि बोट पूर्ण भरली होती. त्या पाण्यावर बोट म्हणजेच एसटी आहे. आम्ही भाडे भरून बोट अडवल्यामुळे त्या सकाळी तिचा रस्ता बंद झाला होता, हे मला मान्य करावे लागले. तिला घेतले नाही. नावाड्याशी बोलून आमच्या खेपा संपल्यावर तिच्यासाठी आणि काठावर थांबलेल्या आणखी काहींसाठी वेगळी खेप ठरवली आणि तिचे डिझेल आमच्या खर्चात घेतले. आता अशी खेप आम्ही अंदाजपत्रकात आधीच धरतो, कारण ज्यांची नेहमीची वाहतूक आपण घेतो त्यांना काठावर ताटकळत ठेवले की पुढच्या वेळी दडपणाखाली एखादे जास्तीचे माणूस आत घेतलेच जाते.

सर्व 22 जण सुखरूप उतरले. बाबा पहिल्या खेपेत शेवटी उतरले. त्यांच्या नडगीवर पट्टी होती आणि दोन्ही डोळे तसेच होते.

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो, दुसऱ्या डोळ्याच्या काही रुग्णांसाठी आणि बाबांसाठी. पाणी आणखी खूप खाली गेले होते, उतार लांबला होता, आणि 12 फुटांची एक फळी पुरणार नाही हे ओळखून आम्ही दुसरी 14 फुटांची फळी करून नेली होती. दोन्ही मधल्या दगडांच्या ओट्यावर जोडल्या. यादीत पहिले नाव बाबांचे लिहिले होते. ते झोळीतून येणार होते, पण काठावर पोचल्यावर त्यांनी चालतो म्हणून सांगितले. त्यांनी एका हाताने दोर धरला, दुसरा हात माझ्या हातात दिला आणि मी उलट्या पावलांनी चालत त्यांना दोन्ही फळ्यांवरून बोटीत नेले. मधल्या ओट्यावर त्यांनी एकदा थांबून, बोट बांधली आहे का, असे विचारले. मी दोन्ही दोर आणि नांगर पुन्हा पाहून आलो आणि बांधली आहे म्हणून सांगितले, तेव्हा त्यांनी पुढचे पाऊल टाकले.